मापाआधी चाकं आणणाऱ्यास

चाकं आणलीस, टायर आणलेस, अडॅप्टर बसवलेस, मडगार्डाच्या कडेला ग्राइंडर लावलास आणि हे सगळं उरकल्यावर मला फोटो पाठवून विचारतोस, "सर, कशी दिसतेय?" दिसण्याबद्दल विचारायला मित्र पुरे होते. तिकडे डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये तुझ्या आसपास निम्मं पुणं राहतं, त्यातला कुणीही "लय भारी" म्हणाला असता. मला विचारायचंच होतं तर पैसे मोजण्याआधी विचारायचंस. तेव्हा मी एवढंच म्हटलं असतं, मापं दाखव.

मापं नाहीतच. फोनवर विचारलं, मागच्या हबपासून लीफ स्प्रिंगपर्यंत जागा किती आहे? म्हणालास, "बरीच आहे, सर." बरीच! मेट्रॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला व्हर्निअरची एक रेघ चुकीची वाचली तर जर्नल सहीविना परत करायचो मी. आणि माझाच विद्यार्थी, डेट्रॉइटच्या मुलखात मोटारीच्या धंद्यावर पोट भरणारा, मला "बरीच" हे माप सांगतो.

आता तू केलंस काय ते तुलाच नीट मांडून दाखवतो, कारण तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही. गाडी १९६९ ची कॅमॅरो. चाकं २०१० नंतरच्या कॅमॅरो एसएसवरून उतरलेली, वीस इंची, कुणीतरी स्वस्तात विकली म्हणून उचललेली. कारण काय, तर "दोन्ही कॅमॅरोच ना, सर." अरे, आडनाव एक आहे म्हणून चुलत्याचे जोडे पुतण्याला होतात का? या दोन गाड्यांमध्ये चाळीस वर्षांचं अंतर आहे आणि नाव सोडलं तर चाकाच्या कामाचं समान असं काहीही नाही. जुन्या गाडीचा पाच स्टडांचा पीसीडी, म्हणजे स्टडांच्या वर्तुळाचा व्यास, पावणेपाच इंच, म्हणजे १२०.६५ मिलिमीटर. नव्या गाडीचा १२०. पाऊण मिलिमीटरही फरक नाही, म्हणून लोक तसंच चाक चढवतात. नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण त्याचा शंकू भोकात सगळीकडून टेकत नाही, स्टड एका अंगाला वाकून ताणात राहतो आणि चाक केंद्रावर बसत नाही. तू निदान ते केलं नाहीस, अडॅप्टर घेतलेस. त्याचे अर्धे गुण देतो.

अर्धेच, कारण सव्वा इंची अडॅप्टर का घेतलेस हे तुला सांगता आलं नाही. दुकानात तेवढेच होते! नव्या गाडीच्या या चाकांचा ऑफसेट पस्तीस-चाळीस मिलिमीटर पॉझिटिव्ह असतो, म्हणजे चाकाचा हबवर टेकणारा भाग रिमच्या मध्यापासून तितका बाहेरच्या बाजूला. तुझ्या जुन्या गाडीला हा आकडा शून्याच्या जवळपास लागतो. सव्वा इंच म्हणजे बत्तीस मिलिमीटर वजा झाले, हिशेब आडव्या दिशेने योगायोगाने जुळला. आणि आडवा जुळला म्हणून उभाही जुळणार असं तू धरून चाललास.

उभा हिशेब तिसरीतल्या पोरालाही येईल. मागचा टायर २७५/४० आर २०. २७५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ४० टक्के बाजूची उंची, म्हणजे ११०. वर आणि खाली मिळून २२०. २५.४ ने भाग, ८.६६ इंच. त्यात रिमचे २० मिळव. २८.६६. पुढचा २४५/४५ आर २०, तोही तितकाच. आता ही गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यावर काय होतं? त्या काळी टायरवर एफ७०-१४ किंवा ई७०-१५ असं लिहिलेलं असायचं. अक्षर भार सांगायचं, ७० म्हणजे रुंदीच्या मानाने उंचीची टक्केवारी, शेवटी रिमचे इंच. त्यातला कुठलाही घेतलास तरी टायरचा बाहेरचा व्यास साधारण २६ इंच भरतो. त्या २६ इंचांभोवती चाकाची कमान आखलेली आहे. तू तिथे पावणेतीन इंच जास्त उंचीचा टायर कोंबलास. म्हणजे टायरचा माथा सव्वा इंचाहून अधिक वर गेला. वर गाडी दोन इंच खाली बसवलीस! सव्वातीन इंचांच्या वर जागा खाल्लीस, आणि टायर घासायला लागला तेव्हा तुला नवल वाटलं.

मग ग्राइंडर. इथे माझा संयम सुटतो. मागचा क्वार्टर पॅनल मूळचा होता, तूच अभिमानाने सांगितलं होतंस. पन्नासहून अधिक वर्षं अमेरिकेतल्या, हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांवरून तगून आलेला पत्रा तू चाकासाठी कापलास. चाक पाच मिनिटांत बदलता येतं, पत्रा परत येत नाही. कडेची आतली पट्टी दुमडून आत वळवणं हा एक रास्त उपाय आहे, रंग गरम करून, रोलर लावून, हळूहळू करतात. कापलं की पत्र्याची ताकद जाते आणि उघड्या कडेला गंज धरतो. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ, जुन्या गाड्यांची ती मिरवणूक, असते आणि तोवर गाडी तयार हवी होती, हे कारण मला सांगू नकोस. १९९५ पासूनची क्रूझ आहे ती, पुढच्या वर्षीही असेल.

गाडीच्या चालण्यावर काय परिणाम झाला तेही ऐक. तू पदरचे पैसे मोजून ३.७३ चा मागचा गियर बसवलास, गाडी झटक्यात उचलावी म्हणून. व्यास दहा टक्क्यांनी वाढवलास तेव्हा तो गियर जवळजवळ ३.३८ सारखा वागायला लागला. घातलेले पैसे स्वतःच्याच हाताने पुसून टाकलेस. आय-७५ महामार्गावर स्पीडोमीटर ६५ दाखवेल तेव्हा गाडी ७१-७२ मैलांनी धावत असेल. पोलिसाला समजावून सांग व्यासाचं गणित. शिवाय वीस इंची चाकाचं वजन केंद्रापासून दूर, रिमच्या कडेला असतं. ते फिरवायलाही जड, थांबवायलाही जड. हाताळणीसाठी मोठी चाकं लागतात असं तू म्हणालास. याच पिढीच्या कॅमॅरोने १९६८ आणि १९६९ मध्ये ट्रान्स-ॲम शर्यतींची विजेतेपदं घेतली, रॉजर पेन्स्केच्या संघाची, मार्क डोनोह्यूच्या हातची. चाकं पंधरा इंची होती.

बरं, टायरची बाजू वाचलीस का? डॉटच्या, म्हणजे अमेरिकी परिवहन खात्याच्या, शिक्क्याचे शेवटचे चार आकडे तुझ्याच फोटोत दिसतायत. २३१४. २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी खोल आहे म्हणून खूश झालास, पण रबर म्हातारं होतं ते आतून, नक्षीवरून कळत नाही. चाकांबरोबर फुकट मिळाले म्हणालास. ते काढून टाक, विकूही नकोस कुणाला.

अडॅप्टरबद्दल आणखी एक गोष्ट, मग तो विषय संपला. अडॅप्टर लावला की नटांचे संच दोन होतात, एक अडॅप्टर हबवर धरणारा, दुसरा चाक अडॅप्टरवर धरणारा. पहिला संच चाकाच्या मागे झाकला जातो. नवीन जोड पन्नास-शंभर मैलांनी पुन्हा टॉर्क रेंचने तपासायचा असतो, आणि इथे त्यासाठी चाक उतरवावं लागतं. उतरवलंस? नाही उतरवलंस. तुझ्या आवाजावरून कळलं.

आता करायचं काय ते सांगतो, लिहून घे. चारही चाकं काढ. गाडी स्टँडवर घे आणि एक्सल जॅकने वर उचलून त्या उंचीला आण, ज्या उंचीला गाडी जमिनीवर उभी राहते. मडगार्डाच्या कडेच्या आतल्या बाजूने ओळंबा सोड. दोरा आणि लोखंडी नट चालेल, सोन्याचा ओळंबा लागत नाही. हबच्या ज्या तोंडावर चाक टेकतं तिथपासून दोऱ्यापर्यंतचं अंतर मोज. हे बाहेरचं. मग त्याच तोंडापासून आत, लीफ स्प्रिंग किंवा आतला पत्रा, जे आधी लागेल तिथपर्यंत. हे आतलं. दोन्ही बाजूंनी घे आणि सुतात लिही, आठ सूत म्हणजे एक इंच, विसरला नसशील तर.

डावं आणि उजवं सारखं येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तीन-चार सूत फरक या गाड्यांना नवा नाही. पुढची सबफ्रेम रबरी बुशांवर बोल्टने बसवलेली असते, बुश दबले की ती सरकते, मग पुढचं एक चाक मडगार्डाला लगटून आणि दुसरं लांब दिसतं. मागे एक्सल जागेवर धरायला फक्त लीफ स्प्रिंग, आडवा दांडा नाही. वळणावर बुश दबतात आणि बॉडी एक्सलवरून बाजूला सरकते, म्हणून आत आणि बाहेर निदान चार-चार सूत मोकळे ठेवायचे. कमी असेल ती बाजू धरायची. डिस्क ब्रेकचं किट घालताना हब बाहेर सरकलंय का, हेही याच मापात कळेल. काही किटांनी सरकतं. दुसऱ्या कुणाच्या कॅमॅरोवर अमुक साइझ बसली, हे तुझ्या कामाचं का नाही, ते आता कळतंय का?

समज, आत सहा इंच आले आणि बाहेर सव्वापाच. हे उदाहरणाचे आकडे आहेत, तुझ्या गाडीचे नव्हेत, नाहीतर हेच घेऊन दुकानात जाशील. एकूण सव्वाअकरा, त्यातून मोकळी जागा एक इंच गेली, उरले सव्वादहा. २७५ चा टायर १०.८ इंच रुंद, तो बसत नाही. २५५ चा दहा इंच, तो बसतो. त्याला नऊ इंची रिम दे. रिमचे नऊ इंच हे टायर बसतो त्या दोन कडांमधलं अंतर, बाहेरून बाहेर मोजलंस तर साधारण दहा भरतं, म्हणजे टायर आणि रिम इथे सारखेच रुंद. बॅकस्पेसिंग, म्हणजे रिमच्या आतल्या कडेपासून हबवर टेकणाऱ्या भागापर्यंतचं अंतर, साडेपाच इंचांच्या आत हवं. बाहेर साडेचार उरतात, तिथे जागा पावणेपाच आहे. झालं. एवढ्या बेरीज-वजाबाकीसाठी तू मूळचा पत्रा कापलास.

चाकाचा व्यास ब्रेक ठरवतो. तू पुढे तेरा इंची डिस्क घातल्यास, म्हणजे पंधराची वाट बंद, साधारण सतरा लागतील. पंधरा इंची मापात आता वेगाचे चांगले टायर फारसे मिळतही नाहीत, तेव्हा सतराला माझी हरकत नाही. २५५/४५ आर १७ चा व्यास २६.०४ इंच. गंमत बघ, तू आवडीने घेतलेले २७५/४० सतराच्या रिमवर घेतले असतेस तर २५.६६ आले असते, कमानीत अलगद मावले असते, रुंदी बसली असती तर. पण व्यासावर विश्वासून चाक मागवू नकोस. कॅलिपर बनवणारे पूर्ण आकाराचा कागदी साचा देतात, तो पुठ्ठ्यावर चिकटवून चाकाच्या आत फिरवून बघ. तेच सतरा इंची चाक, पण स्पोक आत वळलेले असले तर कॅलिपरला घासतं. आणि रुंदी टायर कंपनीच्या तक्त्यातून घे. २५५ म्हटलं तरी दोन कंपन्यांचे टायर रुंदीला सारखे नसतात.

पुढे रुंद टायर घालण्याचा मोह आवर. तिथे स्टिअरिंग एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून, स्प्रिंग काढून, चाक बंप स्टॉपपासून पूर्ण खाली लोंबेपर्यंत जॅकने हलवून बघायचं असतं. मडगार्डाचा मागचा खालचा कोपरा आणि स्वे बार, दोन्हीवर नजर ठेव. आणि पुढच्या सस्पेन्शनची मूळ भूमिती तशीच असेल तर टायर रुंद करून उपयोग नाही, कारण वळणावर बाहेरचं चाक दबतं तेव्हा ते बाहेर कलतं आणि रुंद टायर फक्त कडेवर उभा राहतो. म्हणून वरचा कंट्रोल आर्म खाली बसवतात, डिक गुल्डस्ट्रँड या रेसरच्या नावाने तो बदल ओळखला जातो. तू अलाइनमेंटवाल्याला १९६९ च्या पुस्तकातले आकडे दिलेस म्हणे. जिथे पुस्तक बाजूला ठेवायचं तिथे नेमका आज्ञाधारक झालास! ते आकडे बायस-प्लाय टायरांसाठी आहेत, कॅस्टर एका अंशाच्या आतबाहेर. रेडियलला त्याहून पुष्कळ जास्त पॉझिटिव्ह कॅस्टर लागतो आणि किंचित निगेटिव्ह कॅम्बर. आधी वरचे आर्म बघ, मग चाकं, मग अलाइनमेंट.

चारही कोपऱ्यांची आतली-बाहेरची मिळून आठ मापं, प्रत्येक दोनदा घेतलेलं, कागदावर पेनाने, तारखेसकट. कापलेल्या कडेला आजच प्रायमर लाव. वीस इंची चाकं ज्या पिढीच्या गाडीची आहेत त्याच पिढीच्या गाडीवाल्याला विक, अडॅप्टर त्याला देऊ नकोस. आणि कागदावर कुठेही "बरीच" दिसलं तर मी फोन उचलणार नाही.