सत्य आणि अपैशुन, दोन्ही एकाच श्लोकात?



आजचे चिंतन : भगवद्गीता, अध्याय १६, श्लोक २.

दैवी संपत्तीची यादी चालू आहे. कालच्या श्लोकात पहिलाच गुण होता अभय. आजच्या श्लोकात सत्य आहे आणि थोडं पुढे अपैशुन. दुसऱ्याची छिद्रं तिसऱ्यापुढे उघडी करणं म्हणजे पैशुन, असा अर्थ शंकराचार्य देतात. ते न करणं हे अपैशुन. साध्या मराठीत, चहाडी न करणं.

मी इथेच अडकलो. एखादा सरकारी अधिकारी पैसे खातो हे मला माहीत आहे. बोललो तर चहाडी, गप्प बसलो तर सत्य गेलं. मग हे दोन गुण शेजारी कसे नांदतात?

उत्तर शोधताना राजस्थान आठवलं. आयएएसची नोकरी सोडलेल्या अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह आणि गावकरी यांनी १९९० मध्ये मजदूर किसान शक्ती संघटना उभी केली. सरकारी कामावर राबणाऱ्यांना पूर्ण मजुरी मिळत नव्हती आणि हिशोबाचे कागद कोणी दाखवत नव्हतं. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावात पहिली जनसुनवाई झाली. पद्धत अगदी साधी. मिळवलेली हजेरीपत्रकं आणि बिलं गावासमोर मोठ्यानं वाचायची. अशा सुनवायांमध्ये लोक उठून सांगू लागले, की मी त्या कामावर गेलोच नव्हतो, आणि हा माणूस तर केव्हाच वारला. ना छापा, ना छुपा कॅमेरा. नुसतं वाचन.

हे का जमलं? कारण सरकारी पैसा खायलाही कागद लागतो. नाव, तारीख, अंगठा असल्याशिवाय तिजोरीतून रुपया हलत नाही. म्हणजे चोरी करणाऱ्याला खोटं लिहून ठेवावंच लागतं. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉग राहतोच. पण कचेरीत बसून तो तपासणाऱ्याला सगळं बरोबर दिसतं, कारण मेलेला माणूस त्याच्या ओळखीचा नसतो. गावाच्या ओळखीचा असतो. कागद आणि माणूस समोरासमोर आले की खोटं उघडं पडतं.

आणि इथेच माझा गुंता सुटला. चहाडी पाठीमागे होते. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याला तिथे जागाच नसते. सुनवाईत मात्र सरपंच-अधिकाऱ्यांनाही बोलावणं असायचं, उत्तर द्यायची संधी असायची. शिवाय बोलणारा दुसऱ्याचं छिद्र दाखवत नव्हता. माझं नाव, माझी मजुरी, एवढंच तो सांगत होता. पुढे १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणं झालं, आणि अशा धडपडीतूनच २००५ चा माहिती अधिकार कायदा आला.

आता माझं. काही वर्षांपूर्वी आमची टीम एका सरकारी कार्यालयाचं सॉफ्टवेअर करत होती. कर्मचाऱ्यांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण बिलात होतं. झालं एकच दिवस. तिथले साहेब म्हणाले, "हजेरी भरून टाका, बाकी मी बघतो." मी भरली. अठरा जणांच्या सह्या, दोन दिवसांच्या, पेन बदलून बदलून. खाली "प्रशिक्षक" म्हणून माझी खरी सही.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की जाऊ दे, कशाला कुणाची चहाडी करायची. आज श्लोक वाचताना कळलं, की अपैशुनाच्या आड मी लपलो होतो. माझ्यात कमी होतं ते अभय. आणि याच श्लोकात ह्री, म्हणजे लाज, हाही गुण आहे. तीही त्या दिवशी कमी पडली.

म्हणून सुरुवात साहेबांपासून नाही, माझ्या सहीपासून करायची. मी काय भरलं, कुठल्या तारखांचं भरलं, एवढं लिहायचं, खाली नाव घालायचं आणि एक प्रत साहेबांनाही पाठवायची. पत्र लिहायला घेतलंय. सकाळपासून दोनदा बंद करून ठेवलं. संध्याकाळी हरिपाठ झाला की पुन्हा उघडतो.

जय हरी.