चपलेचा बेडूक

एक जुनी हवाई चप्पल, सायकलच्या ट्यूबच्या दोन पट्ट्या, टायरच्या दुकानातून मागून आणलेला शिशाचा तुकडा आणि दोन टोकांचा एक गळ. एवढ्यात बेडूक होतो. चपलेचा तळवा ब्लेडनं कापून बोटाएवढा, पुढून निमुळता तुकडा काढायचा. त्यातून गळाची दांडी आरपार घालायची आणि दोन्ही टोकं पाठीला घासून बसतील असं बघायचं. म्हणजे बेडूक शेवाळ्यातून, शिंगाड्याच्या वेलांतून सरपटत आला तरी कुठे अडकत नाही. माशानं तोंडात धरलं की फोम दबतो आणि टोकं बाहेर येतात. शिसं पोटाखाली, मागच्या बाजूला. ते पुढे लावलं तर बेडूक नाक बुडवून बसतो आणि मेल्यासारखा दिसतो.

माझा पहिला बेडूक पाण्यात टाकताच उलटा झाला, पोट वर. दुसऱ्याचे पाय हलेनात, कारण ट्यूबच्या पट्ट्या जाड होत्या. तिसरा बरा होता, पण ओढला की गोल फिरायचा आणि दोरीला पीळ पडायचा. चौथ्याच्या वेळी पट्ट्या कात्रीनं टोकाकडे बारीक करत नेल्या, आणि घरामागच्या हौदात दोरीला हलका झटका दिल्याबरोबर दोन्ही पाय असे काही मागे फेकले गेले की मी एकटाच मोठ्यानं ओरडलो. आई बाहेर येऊन बघून गेली. तिला वाटलं, प्रमोशन झालं.

पावसाळ्यात दोन महिने वर्क फ्रॉम होम मिळालं होतं, म्हणून हिंजवडीहून यवतमाळला आलो होतो. लहानपणी बांबूची काठी, दोरा, पाण्यावर तरंगायला धांड्याचा तुकडा आणि गांडूळ एवढ्यावर आम्ही गरी टाकायचो. मिळायची ती चिल्लर. आता यूट्यूब बघून डोक्यात एकच होतं, मरळ. आणि तीसुद्धा स्वतः बनवलेल्या ल्यूरवर. विकतचा रबरी बेडूक मागवता आला असता, पण चार वर्षं दुसऱ्यांच्या कोडमधले बग काढल्यावर आपल्या हातांनी काहीतरी अथपासून इतिपर्यंत करावंसं वाटतं. (या नादाला लागणारा मी पहिला नाही. ज्युलिओ बुएल नावाच्या अमेरिकन माणसानं 1852 मध्ये चमच्याच्या आकाराच्या ल्यूरचं पेटंट घेतलं. जेवता जेवता चमचा तळ्यात पडला आणि त्यावर मासा झेपावला, त्यातून त्याला हे सुचलं अशी गोष्ट सांगतात.)

बाभुळगाव तालुक्यातल्या एका गावतलावावर गेलो. ठेका मच्छीमार सोसायटीचा. तिथल्या एका भोई काकांना विचारून काठावर बसलो. थोड्या वेळानं लव्हाळ्याजवळ पाण्यावर लालसर डाग दिसला. हातभर रुंद आणि सारखा खदखदणारा. हे मी व्हिडिओत पाहिलं होतं. मरळीची पिल्लं लहान असताना अशी लालसर दिसतात, थवा करून राहतात, हवा घ्यायला सारखी वर येतात. आई-बाप खालीच कुठेतरी असतात. व्हिडिओतला सल्ला स्पष्ट होता : डागाच्या पलीकडे टाका आणि बेडूक पिल्लांच्या मधून ओढा.

दुसऱ्याच फेकीला पाणी फुटलं. दीड किलोच्या आसपास असेल. हात थरथरत होते. इतका निखळ आनंद मला गेल्या कित्येक महिन्यांत झाला नव्हता, आणि तो झाला नाही असं मी आज म्हणणार नाही.

काका थर्माकोलच्या तराफ्यावरून जवळ आले. बेडूक हातात घेऊन उलटापालटा केला, पाय ओढून पाहिले. "बेस बनवला," म्हणाले. मग मासा साफ करून देताना त्यांनी पोट उघडून माझ्यापुढे धरलं. आत काहीच नव्हतं.

"याले भूक नोती लागली बाबू. हा लेकराईवर होता."

आवाजात राग नव्हता. त्यांनी नुसती माहिती दिली.

यवतमाळहून आर्णीमार्गे पैनगंगा ओलांडली की माहूर. आमच्या घरचे दरवर्षी दत्तशिखरावर जातात, त्यामुळे अवधूताचे चोवीस गुरू मला आजीकडून फार लवकर कळले. भागवताच्या अकराव्या स्कंधात ते येतात, आणि एकनाथांनी 1573 मध्ये काशीत पूर्ण केलेल्या टीकेमुळे ते मराठी घरांत पोचले. त्या चोवीसांत एक मासा आहे. जिभेच्या लोभानं गळाला लागतो, म्हणून तो गुरू. पतंग रूपाला भुलतो, हरीण गाण्याला, मासा चवीला. लहानपणी मला हे एकदम पटायचं. गांडुळाला लागलेल्या माशाची कीव येत नाही, कारण चूक त्याची असते. कुणी सांगितलं होतं हावरटपणा करायला?

काकांनी उघडून दाखवलेलं ते रिकामं पोट या हिशेबात बसेना. माझ्या बेडकाला चव नव्हती, वास नव्हता. तो खायला कुणी आलंच नव्हतं. पिल्लांमध्ये घुसलेल्या एका आगंतुकाला हाकलायला कुणीतरी आलं होतं.

नंतर वाचताना कळलं की हे आपल्या तलावापुरतं नाही. प्रशांत महासागरातला सॅमन अंडी घालायला नदीत शिरला की खाणं थांबवतो. तरी तो ल्यूरवर तुटून पडतो. का, यावर तिकडचे लोक वर्षानुवर्षं वाद घालतायत. राग असेल, सवय असेल. सॅमनच्या मागोमाग येणाऱ्या स्टीलहेडसाठी काही जण सॅमनच्या अंड्यांसारखे दिसणारे मणी घरी रंगवतात, तासन् तास, रंगाची छटा जुळेपर्यंत. त्याच लोकांनी गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाकायची सवयही लावून घेतली आहे आणि तिथल्या बऱ्याच नद्यांत तसा नियमच आहे, म्हणजे सोडून दिलेला मासा जगावा. फसवण्यात एवढी बारकाई आणि सोडण्यातही तेवढीच. मला आधी हा ढोंगीपणा वाटला. आता तसं नक्की म्हणवत नाही, पण पूर्ण पचतही नाही. काटा दाबल्यानं जखम लहान होते. बोलावणं खोटं होतं, ते तसंच राहतं.

मी काकांना विचारलं, तुम्ही जाळ्यात एका रात्री कितीतरी मासे काढता, त्याचं काय? ते हसले. पोटासाठी करतो, एवढंच म्हणाले. पण मला वाटतं फरक नुसता पोटाचा नाही, कारण मीही ती मरळ खाल्लीच, आणि चवीनं खाल्ली. जाळं माशाला काही सांगत नाही. ते वाटेत असतं, बस. गळाला लावलेलं गांडूळ अर्धं खरं असतं, निदान गांडूळ तरी असतं. ल्यूर मात्र सगळा सांगण्याचाच असतो. तो बनवायचा तर आधी समोरच्याला नीट ओळखावं लागतं. त्याला काय दिसतं, काय हलल्यावर तो दचकतो, कशासाठी तो स्वतःचा जीव विसरतो. मी चार बेडूक कापले ते मरळीला ओळखत ओळखत. एखाद्यावर माया करायला जी ओळख लागते, तीच मी इथे वापरली.

यावर एक सरळ आक्षेप आहे. माशाला भाषा नाही, त्याच्याशी खोटं बोलता येत नाही. कांटसुद्धा म्हणाला असता की प्राण्यांबाबत आपलं थेट कर्तव्य नाही. क्रूरपणानं आपलंच मन निबर होतं आणि मग आपण माणसांशी तसे वागतो, म्हणून जपायचं. पूर्वी मला हा युक्तिवाद थोडा कंजूष वाटायचा. माझ्या बाबतीत तर क्रमही उलटा निघाला. माणसांशी मी तसा आधीच वागलो होतो.

आमच्या कंपनीचं ॲप शाळा आणि पालकांना जोडतं. लोक ते उघडेनात, म्हणून दोन नोटिफिकेशन तपासून बघायचं काम माझ्याकडे आलं. एकात सरळ लिहिलं होतं, चित्रकला किटवर सवलत. दुसरं मी लिहिलं : 'तुमच्या मुलाबद्दल एक नवीन सूचना आहे.' उघडल्यावर आत किटचीच जाहिरात. दुसऱ्याचा आलेख सरळ वर गेला. टीमनं टाळ्या वाजवल्या, आणि मला हौदाकाठी झाला तसाच आनंद झाला. अगदी तसाच, हे मला मागाहून जाणवलं.

ताई वणीला बँकेत आहे. एका दुपारी तिचा फोन आला. काउंटरवर रांग असताना तिला ती सूचना दिसली, हात थंड पडले, ती रांग सोडून आत गेली. उघडून बघते तर रंगपेटी. "कोण मूर्ख लिहितं रे हे?" म्हणत ती हसली. मी पण हसलो. सांगितलं नाही.

तलावावरून आल्यावर मी ते वाक्य बदलायचा मुद्दा मीटिंगमध्ये काढला. वरिष्ठांचा प्रश्न होता, यात खोटं काय आहे? सूचना आहे, मुलाबद्दलच आहे. शब्दाला शब्द लावला तर त्यांचं बरोबर होतं. मरळीचंही काही वेगळं नव्हतं. काहीतरी खरंच तिच्या पिल्लांमधून जात होतं. शेवटी ठरलं की मजकूर 'शाळेकडून ऑफर' असा करायचा आणि महिनाभर आकडे बघायचे. आकडे पडले. पुढच्या महिन्यात काय ठरेल सांगता येत नाही.

त्या चोवीस गुरूंत आणखी एक आहे, तो आजीला फार आवडायचा. बाण करणारा. कामात इतका बुडालेला की शेजारून राजा गेला तरी त्याला कळलं नाही. अवधूत त्याच्याकडून एकाग्रता शिकला. लहानपणापासून मला अभ्यासाला बसवताना हाच दाखला दिला गेला, इंजिनिअरिंगच्या चार वर्षांतही. तो बाण पुढे कुणाला लागला हे आजीला मी कधी विचारलं नाही. यादीत मासा एका ठिकाणी येतो, बाण करणारा दुसऱ्या ठिकाणी, आणि दोघांची गाठ पडत नाही. माझ्या हातात मात्र पक्कड होती आणि समोर पिल्लांचा डाग होता, एकाच सकाळी.

दुसऱ्या दिवशी मी परत त्या तलावावर गेलो होतो, गळ न घेता. लव्हाळ्याजवळ डाग नव्हता. मरळीची जोडी मिळून पिल्लं राखते. दुसरा पालक त्यांना घेऊन सरकला असेल, किंवा नसेलही. काका तराफ्यावर जाळं सोडवत होते. त्यांनी नुसता हात वर केला.

चौथ्या बेडकाचा गळ काढून टाकलाय. दिवाळीत ताई आली तेव्हा तो भाचीला दिला. ती त्याला बादलीत सोडते आणि दोऱ्यानं हळूहळू ओढते. पाय अजूनही फार छान हलतात.