तेलातला कीस आणि नैयायिक

मोटारसायकलचं ऑइल बदलताना जाणता मेकॅनिक इंजिन आधी थोडं तापवून घेतो. गरम तेल पातळ होतं आणि तळाशी बसलेलं सगळं सोबत घेऊन खाली येतं. ते उन्हात तिरकं धरायचं, थेंबभर चिमटीत चोळायचं. चकाकी दिसली की गाडीवाल्याचा चेहरा उतरतो. आत काय झिजलं? आत तर कुणीच पाहिलेलं नाही, आणि इंजिन खोलायचं म्हणजे खिशाला कात्री. जे दिसतं त्यावरून न दिसणाऱ्याबद्दल किती खात्रीनं बोलावं, या प्रश्नावर भारतीय दर्शनकार शतकानुशतकं भांडत आले आहेत.

नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांचा, मूळ ग्रंथ न्यायसूत्रं. त्याच्या दुसऱ्या अध्यायात एक आक्षेपक अनुमानालाच, म्हणजे खुणेवरून निष्कर्ष काढण्यालाच, आव्हान देतो. नदी फुगली म्हणून वर पाऊस झाला, असं कशावरून? पुढे कुठे पाणी अडलं असेल. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणून पाऊस येणार? त्यांचं वारूळ कुणी उकरलं असेल. मोर ओरडला? माणूसही तशी नक्कल करतो. भाष्यकार वात्स्यायनाचं उत्तर गॅरेजच्या भिंतीवर लिहावं असं आहे. नुसतं चढलेलं पाणी ही खूण नव्हेच, असं तो म्हणतो. धार वेगाची हवी, फेस हवा, फळं, पानं, लाकडं वाहत यायला हवीत. इतकं न पाहता निष्कर्ष काढणारा चुकला, तर तो त्याचा दोष, अनुमानाचा नाही.

मेकॅनिकही हेच करतो, फक्त संस्कृतात नाही. ‘तेलात धातू’ एवढ्यावरून त्याला काहीच कळत नाही. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर यांना एकच तेल असतं, त्यामुळे संशयित बरेच. तो आधी चुंबक फिरवतो. चिकटला तो कीस पोलादाचा: गिअर, बेअरिंग, शाफ्ट यांतल्या कशाचा तरी. चिकटला नाही आणि रुपेरी आहे, तर बहुधा ॲल्युमिनियम, म्हणजे पिस्टन किंवा क्लचचं हाउसिंग. सोनेरी झाक असेल तर एखादा बुश. चुंबकावर बसलेला राखाडी, गुळगुळीत लेप मात्र रोजच्या झिजेचा. नव्या गाडीच्या पहिल्या सर्व्हिसला तो हमखास जास्त निघतो, कारण नवे भाग एकमेकांना घासून बसत असतात. बोटाला टोचणारी कपची निघाली, तर पुढची चर्चा संपली.

ओळखण्यातली चूक केवढ्याला पडते, ते मोटारसायकलपेक्षा हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समध्ये नीट दिसतं. १ एप्रिल २००९ रोजी स्कॉटलंडमधल्या पीटरहेडजवळ समुद्रात एक सुपर प्यूमा कोसळलं आणि त्यातले सगळे १६ जण गेले. त्याच्या आदल्या आठवड्यातच गिअरबॉक्सच्या चुंबकी शोधकावर धातूचा एक कण सापडला होता. तो ओळखण्यात गफलत झाली, आणि ज्या भागात गिअर फुटत चालला होता तो भाग काही उघडला गेला नाही. खूण खरी होती, वाचणारे चुकले. वात्स्यायनाला यात नवल वाटलं नसतं.

प्रत्यक्ष दिसेल तेवढंच मानणारा चार्वाक इथे हसेल. धूर दिसला म्हणजे अग्नी आहे, हे अनुमानाचं ठरलेलं उदाहरण; पण सगळा धूर आणि सगळा अग्नी कुणी पाहिलाय, असा त्याचा सवाल असतो. तुमची खात्री म्हणजे निव्वळ सवय. त्याला उदयनाचार्यांनी दहाव्या शतकाच्या सुमारास थोडक्यात दिलेलं आणि पुढच्या नैयायिकांनी उलगडलेलं उत्तर अजून टिकून आहे: ज्याला धुराचं कारण अग्नी हे पटत नाही, तो धूर हवा असताना अग्नी पेटवायला का जातो? झिजेबद्दल शंका घेणाराही ऑइल वेळेवर बदलतोच. या फेरीत नैयायिक सरस ठरतो, असं म्हणायला हरकत नाही.

पण त्याच परंपरेत एक अडचणीचं उदाहरण आहे: तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. अग्नी आहे, धूर नाही. धूर दिसला तर अग्नी सिद्ध होतो. दिसला नाही म्हणून अग्नी नाही, हे सिद्ध होत नाही. गाडीवाले नेमकी ही बाजू विसरतात. ऑइल स्वच्छ निघालं की इंजिन ठणठणीत, असं मानून मोकळे होतात.

२९ एप्रिल २०१६ रोजी नॉर्वेत तुरॉय बेटाजवळ सुपर प्यूमाच्याच घराण्यातल्या दुसऱ्या हेलिकॉप्टरचा मुख्य रोटर हवेतच निखळला. १३ जणांचा जीव गेला. गिअरमधली भेग पृष्ठभागाखाली आतल्या आत वाढत गेली होती. कीस इतका थोडा पडला, की शोधकानं इशाराच दिला नाही. या वेळी चुकीचं वाचायलाही काही नव्हतं. त्यानंतर युरोपच्या नियामकांनी उड्डाणांना परवानगी दिली ती दोन प्रकारच्या गिअरपैकी एकच वापरायचा, कण वारंवार तपासायचे आणि गिअर पूर्वीपेक्षा बराच आधी बदलायचा, या अटींवर. तपासणीत काही सापडो न सापडो, ठरलेले तास भरले की गिअर बाहेर.