साक्षीदार आणि निवेदक

बातमी कोण सांगतो, हा प्रश्न केवळ वृत्तव्यवसायाचा नाही. तो निवेदनशास्त्राचा आणि नीतिविचाराचाही आहे. हाती मोबाइल आला आणि घटनास्थळीचा सामान्य माणूसच वार्ताहर झाला, असे हल्ली सहज म्हटले जाते. या विधानात तथ्य नाही असे नाही. परंतु चित्रण करणे आणि निवेदन करणे या दोन भिन्न कृती आहेत, याचे भान त्यात सुटते. जव्हार-मोखाड्याच्या संदर्भात हा भेद प्रकर्षाने जाणवतो.

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात शंभराहून अधिक बालके कुपोषणाने दगावल्याचे वृत्त आले आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील हा डोंगराळ भाग शहरी वाचकाला एकाएकी ठाऊक झाला. वारली, कोकणा, कातकरी कुटुंबे त्या वृत्ताचा विषय होती. त्याची निवेदक ती नव्हती, आणि बहुतांशी वाचकही नव्हती. शासनाला धावपळ करावी लागली, हे त्या पत्रकारितेचे श्रेय निःसंशय आहे. मात्र तिने एक विशेषणही मागे ठेवले. ‘कुपोषणग्रस्त’ हा शब्द जव्हारच्या नावाला असा चिकटला, की नाचणी-वरईची शेती, तारपा, मुकणे घराण्याचे संस्थान हे सारे त्याआड गेले.

२०१४ मध्ये पालघर जिल्हा स्वतंत्र झाला. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव साजरा होत असतानाच, मोखाडा तालुक्यातील बोटोशी ग्रामपंचायतीच्या मर्कटवाडीतील एका स्त्रीची मुदतीपूर्वी घरीच प्रसूती झाली. जुळी बालके दगावली. रस्ता नसल्यामुळे तिला डोली करून निसरड्या वाटेने सुमारे तीन किलोमीटर न्यावे लागले. ती दृश्ये मोबाइलवरून सर्वदूर पसरली, वाहिन्यांवर आली, राजकीय वादाचा विषय झाली.

ही दृश्यसंहिता बारकाईने वाचली तर काय दिसते? दिसतो तो डोलीचा प्रवास. बालकांचा मृत्यू त्यापूर्वीच घडून गेलेला आहे. रस्ता, वेळेवर न मिळालेले उपचार आणि मृत्यू यांचा कार्यकारणसंबंध चित्रात नसतो. तो शब्दांनी जोडावा लागतो. तो जोडण्याचा अधिकार ज्याच्याकडे, तोच खरा निवेदक. मथळा, कापाकापी, पार्श्वसंगीत, चर्चेतील वक्त्यांची निवड हे सारे वृत्तकक्षातच ठरते. पाड्यावरून येतो तो पुरावा. अर्थ मुंबईत लागतो. १९९२ मध्ये वृत्ताला निवेदक होता. साक्षीदार मात्र मूक राहिला. आज साक्षीदार कॅमेरा चालवतो, तरीही निवेदकाची जागा हललेली नाही. वंचिताला बोलता येते काय, हा गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८८ मध्ये मांडलेला प्रश्न बोलण्याइतकाच ऐकून घेण्याविषयीही होता, याचे स्मरण येथे व्हावे.

आणखी एक पेच आहे, आणि तो अधिक अवघड आहे. डोलीतली स्त्री संमती देण्याच्या अवस्थेत नसते. चित्रण झाले नाही तर ‘असे घडलेच नाही’ म्हणण्यास यंत्रणा मोकळी. झाले तर आयुष्यातील सर्वांत असहाय क्षण अपरिचितांच्या पडद्यावर कायमचा राहतो. चेहरा धूसर केला की हे नैतिक ऋण फिटते, ही समजूत सोयीची आहे. गावाचे नाव, नात्यातली माणसे, वाट हे सगळे स्पष्टच असते. सोबत चालणाऱ्याने केलेले चित्रण निदान त्या वाटेचे ओझे वाहत असते. तेच दृश्य दिवसभर पुन्हापुन्हा दाखवणाऱ्या वाहिनीला हा आधार घेता येणार नाही. पुरावा एकदा दाखवून सिद्ध होतो. त्यापुढची आवर्तने कशासाठी, याचे उत्तर तिनेच द्यावयाचे आहे.

निवेदनाची जागा हलू शकते, याचे उदाहरण मराठी प्रदेशाबाहेर आहे. छत्तीसगडमध्ये २०१० पासून ‘सीजीनेट स्वर’ या उपक्रमात साध्या फोनवरून माणसे आपली बातमी गोंडीत किंवा हिंदीत स्वतःच्या आवाजात नोंदवू लागली. तपासणारा संपादक तेथेही होता. पण त्याने आवाज बदलला नाही. मोखाड्यातून येणाऱ्या चित्रफितींत वारली किंवा कोकणी बोलीतले बोलणे असते, ते मात्र वृत्तनिवेदिकेच्या आवाजाखाली पुष्कळदा दाबले जाते. ते तसेच ऐकवून खाली प्रमाण मराठीत अक्षरे देणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच कठीण नाही. पडद्यावरच्या त्या जागेत सध्या दुसऱ्या बातमीची पट्टी धावत असते.