न समजता दिलेली संमती

आपल्या गावचा रोगी शहरातील मोठ्या इस्पितळात गेला म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वी त्याच्यापुढे एक छापील कागद ठेवण्यात येतो, व त्यावर सही किंवा अंगठा मागण्यात येतो. त्यातील नावे बहुधा ग्रीक व लॅटिन भाषांतून आलेली. रोगी म्हणतो, "साहेब, आम्हां अडाण्यांस काय कळते? आपण कराल ते खरे." हे बोलणे नम्रतेचे दिसते खरे; परंतु जे आपणांस समजलेच नाही त्यास आपण संमती दिली, असे म्हणता येईल काय?

शब्दाच्या शेवटच्या काही अक्षरांनी केवढे अंतर पडते ते पाहा. 'स्कोपी' म्हणजे दुर्बिणीने आत पाहणे. 'ऑटमी' म्हणजे चिरून उघडणे. 'एक्टमी' म्हणजे कापून काढून टाकणे. लॅप्रोस्कोपीत पोटात पाहतात. हिस्टरेक्टमीत गर्भपिशवी काढतात. १९९५ साली दिल्लीत एका स्त्रीने पहिलीस, व जरूर पडल्यास पोट उघडण्यास, संमती दिली होती. ती भुलीखाली असता तिच्या आईची अनुमती घेऊन तिचे गर्भाशय व अंडाशये काढण्यात आली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००८ साली न्यायालयाने ठरवले की, तपासणीस दिलेली संमती अवयव काढण्यास लागू पडत नाही. आणि जिवास तत्काळ धोका नसता सज्ञान मुलीच्या वतीने आईचा होकारही पुरत नाही.

कोणी म्हणेल, प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे होय. तसे नाही. ज्यावर आपला विश्वास आहे त्यालाच आपण मोकळेपणाने विचारतो. भय मात्र मुके असते, आणि पुष्कळदा आपण त्या भयालाच नम्रता म्हणतो. सोप्या भाषेत सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. आणि 'समजले नाही' असे म्हणणे हे आपले. एकाने आपले कर्तव्य टाळले म्हणून दुसऱ्याचे संपत नाही.

ज्या बंधूंस वाचता येते त्यांच्यावर तर अधिक भार आहे, कारण गावचे लोक आपल्या चिठ्ठ्या त्यांच्याकडेच आणतात. 'पॉझिटिव्ह' हा शब्द पाहून "चांगले आहे" असे त्यांनी सांगू नये. जे शोधत होते ते सापडले, एवढाच त्याचा अर्थ. 'क्रॉनिक' म्हणजे भयंकर नव्हे, तर दीर्घकाळ चालणारे. 'अॅक्यूट' म्हणजे एकाएकी उद्भवलेले. जे ठाऊक नाही ते अंदाजाने सांगणे म्हणजे आंधळ्यास चुकीची वाट दाखवणे होय. अशा वेळी त्यांनी "मला ठाऊक नाही" म्हणावे, आणि रोग्याबरोबर डॉक्टरांकडे जावे.

ग्रीक भाषा शिकण्याची कोणास गरज नाही. इतकेच विचारावे: माझ्या शरीरास काय करणार? कशासाठी? त्यात धोका कोणता? दुसरा उपाय आहे काय? न केल्यास काय होईल? उत्तर मिळाल्यावर ते आपल्या शब्दांत डॉक्टरांस परत सांगावे. ते बरोबर ठरल्यास मग निर्धास्तपणे अंगठा उठवावा. देह ज्याचा, होकारही त्याचाच असला पाहिजे; आणि जो समजून दिला तोच होकार.