भरती वाढवून घेताना

हडसन नदीत उन्हाळ्यात शिडाची होडी घेऊन फिरणाऱ्या जोडप्याला एक गोष्ट लवकर कळते: इथे वर जाणं सोपं आणि खाली येणं कठीण. नदी तर समुद्राकडे वाहते. मग हे उलटं कसं?

हडसनचा खालचा भाग ही खरं तर एक लांबलचक खाडी आहे. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकापासून ट्रॉयच्या बंधाऱ्यापर्यंत, सुमारे २४५ किलोमीटर, समुद्राची भरती-ओहोटी चालते. माझं माहेर दाभोळच्या खाडीकाठचं. तिथून मचवे भरती धरूनच गोवळकोटच्या धक्क्याला जात, हे लहानपणापासून ऐकलेलं. पण ती वाट चाळीसेक किलोमीटरची. हडसनमध्ये भरती वेगळीच वागते, ती या लांबीमुळे.

भरती सगळ्या नदीत एकदम येत नाही. ती लाटेसारखी वर सरकते, ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास. न्यूयॉर्कला पाणी उतरू लागलेलं असतं तेव्हा वर आल्बनीकडे ते चढायचंच असतं. एका जागी नांगर टाकून बसलात तर साधारण सहा तास भरती, सहा तास ओहोटी. पण भरती लागताच तिच्याबरोबर वर निघालात, तर मागून येणाऱ्या ओहोटीला तुम्हाला गाठायला वेळ लागतो. वाऱ्याचे ताशी सात आणि पाण्याचे तीन असे दहा किलोमीटर धरले, तर सहा तासांची भरती दहा तास पुरते. खाली येताना नेमकं याच्या उलट. तुम्ही ओहोटी धरता आणि पुढची भरती समोरून चालून येत असते. तीच होडी, तोच वेग, पण सहाचे सव्वाचार तास होतात. नदीच्या गोड्या पाण्यानं ओहोटी थोडी लांबते, तरी तूट भरून निघत नाही.

त्यात उन्हाळी दुपारचा वारा बहुतेक वेळा दक्षिणेचा. स्टॉर्म किंग आणि ब्रेकनेक या डोंगरांमधून तर तो नदीचीच वाट धरतो. वर जाताना पाठीशी, परतताना तोंडावर. हॅव्हरस्ट्रॉला पात्र रुंद आणि बरंचसं उथळ. तिथे ओहोटीसमोर वारा उभा राहिला की आखूड, उभ्या लाटा उठतात आणि होडी आपटत राहते.

म्हणून आमच्यात मोठी चर्चा होते ती कुठे जायचं याची नाही, कधी निघायचं याची. नवरा सुकाणूवर असतो, मी बोयांकडे बघते. पाणी जिकडे ओढतं तिकडे बोया झुकतो आणि त्याच्यामागे पाण्याची लांब रेघ उमटते. रेघ आखडू लागली, बोया सरळ झाला, की मी म्हणते, "अरे, सुकती लागतेय, जागा बघ." मग नांगर. पण काठाच्या आतल्या शांत कोपऱ्यांत जुलैनंतर शिंगाडा माजलेला असतो. हो, आपल्या तळ्यांतल्या शिंगाड्याचाच भाऊबंद. इथे तो बाहेरून आला आणि पसरला. त्याच्या वेली सुकाणूत गुंततात आणि काटेरी फळ अनवाणी पायात खोल रुततं. तेव्हा त्या हिरव्या थरापासून दूर, पण बोटींच्या वाटेबाहेर, अशी जागा शोधावी लागते.

हे थांबणं प्रवासातून वजा करायचं नसतं, असं मला मनापासून वाटतं. इथली जुनी मालवाहू गलबतं अशीच चालत; वारा पडला आणि पाणी उलटलं की नांगर टाकून बसत. १८०७ मध्ये रॉबर्ट फुल्टनची आगबोट बत्तीस तासांत आल्बनीला पोचली आणि वेळापत्रकातून भरतीचा हिशोब हळूहळू सुटला. आमच्या होडीलाही इंजिन आहे. आम्ही ते धक्क्याला लागताना वापरतो आणि वीज चमकू लागली तर. एरवी जाताना भरतीच्या भरवशावर निघतो आणि परतीसाठी जास्तीचे दिवस आधीच राखून ठेवतो.