पाचवी चिमणी



येत्या ३ नोव्हेंबर रोजी ख्रिस्तसभा संत मार्टिन डी पोरेस यांचा सण साजरा करते. त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत म्हणून बसलो होतो. परंतु त्याआधी मला तुमच्यापुढे एक कबुली द्यायची आहे. ती दिल्यावाचून या संतांवर लिहिण्याचा मला अधिकार पोहोचत नाही.

आपल्या सभागृहामागे, मोडक्या बाकांच्या ढिगाजवळ, एक करडी मांजर बरेच महिने राहत होती हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गाला येणारी मुले तिला डब्यातली पोळी टाकत. स्नानसंस्काराचे किंवा लग्नाचे जेवण झाले की ती उष्ट्या पत्रावळींत तोंड घाली. काही पालकांनी तक्रार केली की घाण होते, उद्या एखाद्या मुलाला ओरबाडले तर काय? तक्रार खोटी नव्हती. सभेत अर्धा तास चर्चा झाली आणि मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची या प्रश्नापाशी येऊन थांबली. तेव्हा मीच म्हणालो, "पोत्यात घाला आणि लांब सोडून या."

रोझरीच्या महिन्यातली ती गोष्ट. माझ्या सांगण्यावरून एका तरुणाने तिला पोत्यात घातले, मोटारसायकलवरून नाशिक रस्त्याने मोशीच्या पुढे नेले आणि इंद्रायणीच्या पुलापलीकडे सोडून दिले. परत आल्यावर मी त्याचे आभार मानले. विषय मिटला असे मला वाटले.

त्या रात्री रोझरी झाली, मंडळी घरी गेली, दिवे मालवले आणि बाकांच्या ढिगातून बारीक आवाज येऊ लागला. बॅटरी घेऊन गेलो. तीन पिल्ले होती, नुकतेच डोळे उघडलेली. अंग चोरून एकमेकांना चिकटून बसली होती.

त्या तरुणाला उठवले आणि आम्ही दोघे पुलाकडे निघालो. चाकणच्या बाजूने ट्रकांची रांग लागली होती. रस्त्याच्या कडेने उजेड टाकत, हाका मारत आम्ही तासभर फिरलो. मांजर सापडली नाही. नंतर दोनदा गेलो, तरीही नाही.

सकाळी फाटकाशी एक मावशी उभ्या होत्या. चाकणच्या एका कारखान्यात त्या ठेकेदाराकडून साफसफाईच्या कामाला जातात. रात्रपाळी संपवून बसमधून कोपऱ्यावर उतरायचे, डब्यात राखून ठेवलेला घास करडीला घालायचा आणि मग घरी जायचे, हा त्यांचा नेम होता. मला तो ठाऊकही नव्हता. त्यांनी विचारले, "फादर, माझी करडी दिसत नाही?" मी खरे ते सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पिल्लं आहेत का, ते तरी बघायचं होतं, फादर. आम्हालाही असंच सांगतात. उद्यापासून येऊ नका. घरी कोण आहे ते कुणी विचारत नाही."

त्या रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

रात्रभर जागलेल्या त्या बाई घरी गेल्या नाहीत. बाटलीत कोमट पाणी भरून ती फडक्यात कशी गुंडाळायची, पिल्लांना ऊब कशी द्यायची, हे त्यांनी मला दाखवले. गाईचे दूध नको, जनावरांच्या डॉक्टरांकडून पिल्लांसाठीची दुधाची पावडर आणा, असे बजावले. दोन-तीन तासांनी एकदा पाजायचे, रात्रीसुद्धा. तिसऱ्या दिवशी एक पिल्लू गेले. दोन जगली. ती आता माझ्या ओसरीत आहेत.

बंधुभगिनींनो, त्या दिवसांत एका शास्त्रवचनाने माझी पाठ सोडली नाही. प्रभू येशू चिमण्यांविषयी बोलतो ते आपण अनेकदा ऐकले आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात (१०:२९) एका नाण्याला दोन चिमण्या मिळतात. लूकच्या शुभवर्तमानात (१२:६) दोन नाण्यांना पाच मिळतात. हिशेब करा. एकाला दोन, तर दोनाला चार व्हायला हव्यात. मग ही पाचवी कुठून आली? आपण भाजी घेतो तेव्हा भाजीवाली कोथिंबिरीच्या चार काड्या वर टाकते ना, तशी ती पाचवी चिमणी वर टाकलेली आहे. तिची किंमत शून्य. ते नाणेही अगदी हलके, मजुराच्या एका दिवसाच्या रोजाचा सोळावा हिस्सा. गरिबाच्या बाजारात गरिबाचे खाणे विकले जात होते आणि त्यातही एक जीव फुकट दिला जात होता. प्रभू म्हणतो की देवाला त्यातल्या एकीचाही विसर पडलेला नाही. म्हणजे त्या पाचवीचासुद्धा नाही.

पवित्र शास्त्रात सिंह आहे, मेंढरू आहे, गाढव आहे, कावळाही आहे. मांजर मात्र आपल्या कॅथलिक बायबलमध्ये एकाच ठिकाणी येते. बारूखच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात, यिर्मयाच्या पत्रात, बाबेलच्या मूर्तींवर पाखरे बसतात आणि मांजरेही, एवढाच तो उल्लेख आहे. सांगायचा मुद्दा असा, की मांजराला शास्त्रात मानाचे पान नाही. आपल्या व्यवहारात तर ते आडवे गेले म्हणून स्नानसंस्कार घेतलेली माणसेही गाडी थांबवतात. हा अंधविश्वास सोडून द्यावा, याहून अधिक त्यावर बोलण्याची गरज नाही. परंतु ज्याला कोणी मोजत नाही, तेच देव मोजतो. योनाच्या पुस्तकातला देवाचा अखेरचा शब्द आठवा. निनवे नगराचा नाश का करू नये हे सांगताना देव तिथली एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे मोजतो, आणि वाक्य संपता संपता म्हणतो की तिथे पुष्कळ जनावरेही आहेत. संदेष्टा स्वतःच्या सावलीसाठी चिडला होता. देव गुरे मोजत होता.

इथे तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "फादर, माणसांना खायला नाही आणि तुम्ही मांजरांचे काय घेऊन बसलात?" हा प्रश्न योग्य आहे आणि ख्रिस्तसभेने तो टाळलेला नाही. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात (परिच्छेद २४१६ ते २४१८) दोन्ही बाजू एकत्र आहेत. प्राणी ही देवाची निर्मिती आहे, त्यांच्याशी ममतेने वागणे हे आपले देणे आहे. त्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे माणसाला शोभत नाही. पण माणसांचे दुःख दूर करण्यासाठी जो पैसा लागायला हवा तो प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाऊदातो सी' या परिपत्रकात हेच दुसऱ्या अंगाने सांगितले. प्राण्यांसाठी झटायचे आणि गरिबाकडे पाठ फिरवायची, हे विसंगत आहे. आणि प्राण्याशी क्रूरपणे वागणारे हृदय आज ना उद्या माणसाशीही तसेच वागते, कारण हृदय एकच आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा युक्तिवाद आम्ही पाठ केला होता. प्राण्यावर क्रौर्य करू नये, कारण त्या सवयीने माणूस माणसाशीही क्रूर होतो. परीक्षेत मला त्यावर चांगले गुण मिळाले होते. पण त्या सकाळी मावशींच्या एका वाक्याने मला कळले की ही साखळी उलट्या दिशेनेही चालते. ज्या माणसाला फुकट वर टाकलेल्या वस्तूसारखे वागवले गेले आहे, त्याला दुसरा तसा जीव लगेच ओळखू येतो. आम्ही शिकलेल्या माणसांनी त्या मांजरात अडचण पाहिली. मावशींनी तिच्यात एक आई पाहिली.

आपला धर्मग्राम कारखान्यांच्या पट्ट्यातला आहे. पिंपरी, भोसरी, निगडी, तळवडे, चाकण. तुमच्यातले कित्येकजण अहिल्यानगर किंवा जालना जिल्ह्यातून वडिलांच्या बोटाला धरून इथे आलात. काहींना कायम नोकरी मिळाली, घरे झाली. त्याच मशीनवर, त्याच पाळीत, तुमच्या शेजारी आज ठेक्यावरचा मुलगा उभा असतो. जेवणाच्या सुट्टीत तो कुठे बसतो? त्याचे नाव तुम्हाला ठाऊक आहे का? तो एक दिवस दिसला नाही तर कोणी विचारते का? मी तुम्हाला हे विचारतो, कारण माझ्या फाटकासमोर रोज सकाळी बसमधून उतरणाऱ्या बाईचे नाव मलाही ठाऊक नव्हते.

आता संत मार्टिन यांच्याकडे येतो. पेरू देशातल्या लिमा शहरात १५७९ साली त्यांचा जन्म झाला. वडील स्पॅनिश सरदार, आई गुलामगिरीतून मुक्त झालेली कृष्णवर्णीय स्त्री. वडिलांनी सुरुवातीला त्यांना आपले म्हटले नाही. न्हाव्याकडे राहून ते केस कापणे आणि जखमांवर उपचार करणे शिकले. डोमिनिकन मठात गेले ते नोकर म्हणून, कारण त्यांच्या रंगाच्या माणसाला पूर्ण व्रतबंधू होण्याची तिथे मुभा नव्हती. ती पुढे मिळाली. मठावर कर्ज झाले तेव्हा मला विका आणि कर्ज फेडा, असे ते वरिष्ठांना म्हणाल्याचे सांगतात. त्यांनी आजाऱ्यांची सेवा केली, अनाथ मुलांसाठी घर उभे केले, आणि बहिणीच्या घरी भटक्या कुत्र्यामांजरांवर उपचार केले. कुत्रा, मांजर आणि उंदीर त्यांच्या एकाच ताटलीत खात, अशी कथा आहे. त्यांच्या चित्रात हातात झाडू आणि पायाशी ती ताटली दाखवतात. ३ नोव्हेंबर १६३९ रोजी ते प्रभूकडे गेले आणि १९६२ साली पोप जॉन तेविसावे यांनी त्यांना संतपद दिले. माणूस आधी की मांजर आधी, हा प्रश्न त्यांना पडला नाही. दारात जो आला त्याची जखम त्यांनी धुतली.

पश्चात्ताप केवळ शब्दांचा असू नये. पापनिवेदनानंतर प्रायश्चित्त येते. म्हणून काही गोष्टी मी स्वतः ठरवल्या आहेत आणि तुम्हालाही सुचवतो.

यापुढे आपल्या आवारातून कोणताही प्राणी "सोडून" दिला जाणार नाही. मांजर आपल्या ठरलेल्या जागेत जगते. अनोळखी ठिकाणी तिला पाणी कुठे, आसरा कुठे ते कळत नाही, आणि इकडे रिकाम्या जागेत दुसरी मांजर येतेच. जो प्राणी भुकेतहानेने तळमळेल अशा स्थितीत सोडून दिला जातो, त्याच्या बाबतीत ती क्रूरता आहे, असे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही मानतो. हे मला नंतर समजले. भूतदया हे तर १९७६ पासून राज्यघटनेत नागरिकांचे मूलभूत कर्तव्य आहे.

खाऊ घालायचे तर त्याला शिस्त हवी. तक्रार करणाऱ्या पालकांचाही मान राखला पाहिजे. २०२३ च्या प्राणी जनन नियंत्रण नियमांत खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून आणि ये-जा करण्याच्या वाटेपासून दूर असावी असे म्हटले आहे. आपण कुंपणाच्या मागची कोपऱ्यातली जागा ठरवली आहे. तिथे ताटली आणि पाण्याचे भांडे असेल. बिनमसाल्याचा भात, काटे काढलेली मासळी चालेल. खाऊन झाले की जागा धुवायची.

केवळ खाऊ घातले आणि नसबंदी केली नाही, तर आपण दुःखच वाढवू. मांजरीला दिवस गेल्यापासून दोन महिन्यांत पिल्ले होतात, आणि त्यातली मादी पाच-सहा महिन्यांची होते न होते तोच तिलाही दिवस जाऊ शकतात. ओसरीतल्या दोघांची शस्त्रक्रिया वेळ आली की मी स्वखर्चाने करून घेईन. ती दानपेटीतून होणार नाही. तो पैसा गरिबांचा आहे.

आता थंडी सुरू होईल. रात्रपाळीहून आलेल्या गाडीचे इंजिन ऊबदार असते आणि मांजरे त्यात शिरतात. पहाटे गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा मारा. पिल्ले एकटी दिसली तर लगेच उचलू नका. आई खाणे शोधायला गेली असेल, दुरून काही तास पाहा. आजारी मांजराला आपल्या घरातली पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नका, ती तिला विषासारखी असते. आणि मांजर चावली किंवा तिने ओरबाडले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीविषयी विचारा. दया करणाऱ्याने सावधही असावे.

शेवटची गोष्ट मांजरांची नाही. या आठवड्यात आपल्या कामाच्या ठिकाणी, सोसायटीच्या फाटकावर, कचऱ्याच्या गाडीवर असलेल्या एका तरी माणसाला त्याचे नाव विचारा, आणि घरी कोण कोण आहे तेही विचारा. एवढेच करा.

करडी कुठे असेल, मला माहीत नाही. इंद्रायणीच्या पुलावरून जाताना माझी नजर अजून रस्त्याच्या कडेला जाते. मावशी रोज सकाळी फाटकाशी थांबतात, पिल्लांना पाहतात आणि घरी जातात. त्यांनी मला क्षमा केली आहे असे त्यांच्या बोलण्यावरून वाटते. मी विचारलेले नाही.

हे दयाळू पित्या, ज्यांना बाजारात किंमत नाही त्यांचाही तुला विसर पडत नाही. आमच्या घाईत जे जीव आम्ही दूर सोडून दिले, त्यांना तू सांभाळ. हाकलण्यापूर्वी विचारण्याची, आणि विचारल्यावर थांबण्याची बुद्धी आम्हांला दे. आमेन.

प्रभूचा आशीर्वाद आपणा सर्वांवर आणि आपल्या दारातल्या मुक्या जिवांवर राहो.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू